ओल्या बोदांची सावली

एप्रिल लागला की टिळकवाडीत गच्च्यांवर हिरव्या जाळ्या चढतात. समोरच्या बंगल्यातल्या वकीलसाहेबांनी परवा कुंड्यांवर जाळी बांधून घेतली. आमच्या शाळेच्या सायकल स्टँडवर शिपायांनी जुनी ताडपत्री ओढली. मी ऑफिसच्या खिडकीतून बघते आणि मनातल्या मनात चुका काढत बसते. जाळी फार खाली आली. पश्चिमेची बाजू उघडी राहिली. वारा आत शिरेल, पण बाहेर पडायला वाट नाही. सावली कशी करावी हे आपल्याला कळतं, असं मी बरीच वर्षं समजत होते.

गेल्या आठवड्यात पारूवैनींचा फोन आला. निपाणीजवळच्या आमच्या गावात, आक्काच्या घराला लागून त्यांचं घर. आक्काबरोबर तंबाखूच्या वखारीत त्यांनीही जन्म काढला. मोबाईल कानाला न लावता तोंडासमोर धरून त्या बोलतात, त्यामुळे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कलाही सगळं ऐकू जातं.

"नंदे, हाफिसात हाईस व्हय?"

"बोला वैनी."

"काय न्हाय गं. चार तलंगा आणल्यात बाजारातनं. अजून अंड्यावर यायच्या हाईत. ऊन बघतीस न्हवं, कसं पडलंय? आक्काच्या परड्यातलं तुझं खुराडं नुसतंच उभं हाय. ठिवू का त्यात?"

"उद्या सांगते."

"आगं त्यात काय सांगायचं? पत्रा-लाकूड तर हाय!"

"उद्या सांगते, वैनी."

आज सहावा दिवस. रोज सकाळी वहीत नवं पान उघडलं की पहिल्या ओळीवर 'पारूवैनींना फोन' लिहिते आणि संध्याकाळी ती ओळ दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवते. एकच काम रोज पुढच्या पानावर ढकलण्याची सवय मला पूर्वी नव्हती. दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात ती लागली.

आक्का माझी थोरली बहीण. चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि आक्का वखारीत तंबाखू चाळायला जायला लागली होती. संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्या भुवयांवर तांबूस धूळ बसलेली असायची. ती तशीच मला जवळ घ्यायची. तिच्या पदराचा वास कसा होता, असं मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. त्याच वासात मी वाढले, त्यामुळे तो मला कधी आलाच नाही. निपाणीच्या स्टँडवर एस.टी.तून उतरून जो शिंकतो तो पाहुणा, हे आम्हा पोरांचं ठरलेलं असे. आम्ही मोजत उभे राहायचो. आमच्यापैकी कुणी कधी शिंकलं नाही.

आक्काने लग्न केलं नाही. मी शिकले, बेळगावात नोकरीला लागले, माझं लग्न झालं, टिळकवाडीत फ्लॅट झाला. ती गावातच राहिली. वखार बंद पडली तेव्हा मालकाने बायकांना रिकामी बोदं वाटून टाकली. तंबाखू भरायच्या माणूसभर उंचीच्या गोणपाटाच्या पोत्याला आमच्याकडे बोद म्हणतात. आक्काच्या वाट्याला आलेली सहा बोदं तिने घडी घालून माळ्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून कोंबड्या पाळायला लागली. "हात रिकामं ऱ्हात न्हाईत गं," एवढंच म्हणाली.

मग तिचा घसा धरला. बेळगावच्या दवाखान्यात सगळं झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, त्यांना जिथं बरं वाटेल तिथं ठेवा. मी टिळकवाडीतली आतली खोली तयार केली होती. पलंग, उशा, पाण्याचा जग, औषधांची पेटी, सगळं. आक्काचा आवाज तोवर गेला होता. तोंडाजवळ कान नेला तर वाऱ्यासारखे शब्द यायचे.

"तितं मी भिताडाकडं बघत पडू व्हय? माझ्या कोंबड्या तकडं हाईत."

म्हणून मीच गावी गेले. साठलेली रजा काढली, पुढे मे महिन्याची सुट्टी होतीच. यजमान म्हणाले, तू जा, माझं मी बघतो. पहिल्या दिवशी तिच्या पलंगाशी बसून वही उघडली. गोळ्यांच्या वेळा, पातळ पेज किती वाजता, कूस कधी बदलायची. तिने माझं पेन धरलं.

"पैलं लिव. कोंबड्या."

"लिहिते."

"ह्या उन्हाळ्यात एकबी जाऊ दिऊ नगं. माझं काय का हुईना."

अकरा होत्या. दहा कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्याचं नाव फौजदार, कारण तो परड्यात गस्त घालायचा. एक होती बोडकी, मानेवर पीस नसलेली, काळी, भांडखोर. बाकीच्यांची नावं तिने रंगावरून ठेवलेली. मागची सगळी वर्षं घरामागच्या परड्याच्या कडेला मोठी चिंच होती, तिच्याखाली कोंबड्यांचा उन्हाळा जायचा. त्या हिवाळ्यात मागचा रस्ता रुंद झाला आणि चिंच गेली. मी गेले तेव्हा परडं टाळूसारखं उघडं पडलं होतं. दुपारी बारा वाजता अकराही जणी भिंतीच्या चार बोटांच्या सावलीत एका रांगेत उभ्या राहायच्या, चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले. जिन्यात लिफ्टची वाट बघत उभ्या राहिलेल्या माणसांसारख्या.

नवं काही विकत आणायचं नाही असं ठरवलं. गावात काय काय पडून आहे हे दोन दिवस हिंडून बघितलं आणि वहीत उतरवलं. रस्त्यात ज्यांच्या पडव्या गेल्या होत्या त्यांच्याकडे वासे होते. आमच्या जुन्या न्हाणीचे दोन पत्रे होते. प्राथमिक शाळेच्या मागे एक तडकलेला फळा पडला होता. हेडमास्तरांनी तो दिला आणि वर म्हणाले, "कोंबड्यांना शिकवणार काय बाई?" मोडक्या लोखंडी पलंगाची चौकट दारासाठी झाली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधायला झाल्या. आणि डिजिटल बोर्ड. आमच्याकडे वाढदिवसाच्या, निवडणुकीच्या त्या मोठ्या प्लॅस्टिकच्या फलकाला डिजिटलच म्हणतात. चौकात उतरवलेली दोन सापडली. एकावर कन्नडमध्ये शुभेच्छा, एकावर मराठीत. एरवी एका खांबावर शेजारी लागली तर गाव तापलं असतं. खुराड्यावर मात्र ती एकाला एक जोडून बसली आणि दोन्हींखालची सावली सारखीच पडली.

नुसता पत्रा तापून खाली ऊन ओकतो. म्हणून पत्रा वर, त्याच्याखाली वीतभर मोकळी जागा, मग डिजिटल, पांढरी बाजू वर करून. पत्र्यावर उसाचा वाळका पाला हातभर जाडीचा पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून मंगलोरी कौलांचे तुकडे ठेवले. फळा पश्चिमेला आडवा लावला. बाजूंना वरचा हातभर भाग जाळीचा, वारा आरपार जाईल असा. चार दिवस लागले.

आक्काचा पलंग परड्याकडच्या खिडकीला लावलेला होता. ती कुशीवर पडून सगळं बघायची. हाक मारता येत नसे, म्हणून उशाशी एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला होता. माझं काही चुकलं की वाटी वाजायची. मी हातातला हातोडा टाकून आत जायची.

"दार पूर्वेला कर. दुपारचं ऊन आत शिरतंय."

दार फिरवलं.

पुन्हा वाटी.

"बसायचा वासा लई वर लावलायस. त्या काय माकडं हाईत?"

वासा खाली घेतला. पारूवैनी कुंपणावर कोपरं टेकून हसत होत्या. "नंदे, तुझी मुकादमीण कडक हाय बघ. वखारीत आमाला अशीच धरायची." आक्काचे खांदे हलले. आवाज नव्हता, पण हसणं होतं. त्या चार दिवसांत तिने पेजेची पूर्ण वाटी संपवली हे माझ्या वहीत आहे. तेवढे चार दिवस आहे.

पाचव्या दिवशी अकराही जणी आत गेल्या. फौजदाराने फळ्यावर चढून एकदा बांग दिली. मी आत येऊन आक्काला म्हटलं, "झालं?" तिने चमचा वाटीत हळूच ठेवला. वाजवला नाही.

नंतर मे लागला आणि ऊन असं वाढलं की उसाच्या पाल्यातूनही आग खाली यायला लागली. दिवसाउजेडी वीज जायची. नळाला पाणी चार दिवसांतून एकदा. खिडकी पश्चिमेची, दुपारी तीननंतर ऊन सरळ आक्काच्या अंगावर. तिच्या कपाळावर हात ठेवला तर पत्र्यावर ठेवल्यासारखं वाटायचं. मला माळ्यावरची बोदं आठवली. ओलं गोणपाट आणि वारा, याहून चांगला कूलर कुठला? सहाही खाली काढली. परड्यात नेऊन जोरात झटकली. तांबूस धुरळा उडाला, माझ्या डोळ्यांपुढून गेला. मी शिंकले नाही. धुवायला पाणी नव्हतं. पाच बोदं खुराड्याच्या बाजूंना पडद्यासारखी सोडली आणि एक आक्काच्या खिडकीला खिळ्यांनी ताणून लावलं. पाणी मारलं. खोली क्षणात गार झाली. मला इतकं बरं वाटलं की मी पारूवैनींना बोलावून दाखवलं.

आक्का काहीतरी म्हणत होती. मी कान नेला.

"दिसत न्हाय गं."

"ऊन उतरलं की काढते."

ऊन उतरायच्या वेळेला कोंबड्यांचं खाणं असायचं, पाणी भरायचं असायचं, पेज, गोळ्या, अंग पुसणं. शिवाय बोद काढलं की डास. 'खिडकीचं बोद काढणे' ही ओळ वहीत दुसऱ्या दिवशीच्या पानावर गेली. मग तिसऱ्या. दिसत नसलं तरी कळावं म्हणून मी रोज संध्याकाळी कोंबड्या आत घेतल्या की खोलीत येऊन आकडा सांगायची.

"अकरा, आक्का."

ती डोळे मिटायची. हिशोब जमला असं मला वाटायचं.

आणखी एक गोष्ट मी केली. बोदांवर दिवसातून तीनदा पाणी मारायचं, त्यातलं निम्मं खाली मातीत जायचं. चार दिवसांनी येणारं पाणी असं मातीत घालवणं मला बघवेना. न्हाणीच्या छपराची पत्र्याची जुनी पन्हळ पडली होती. ती मी बोदांच्या खाली आडवी ठेवली. गळणारं पाणी तिच्यात साठायचं, तेच पुन्हा डब्याने घेऊन बोदांवर मारायचं. एकच पाणी दिवसभर फिरवायचं. पाणी तांबूस दिसायचं. गोणपाटाचा रंग, पन्हळीचा गंज. कोंबड्या मातीच्या परळातलं पाणी सोडून पन्हळीवर गर्दी करायला लागल्या, कारण तिथलं पाणी गार होतं. ते बघूनही मला बरं वाटलं. फक्त बोडकी तिकडे जात नसे. ती फौजदाराशी भांडून निराळी राहायची आणि भांडी घासायच्या दगडापाशी पाणी प्यायची.

त्या रविवारी माझी मुलगी मेघा पुण्याहून मावशीला बघायला आली. परड्यात पाऊल टाकलं आणि ओळीने पाच-सहा शिंका.

"आई, कसला उग्र वास येतोय इथं?"

"निपाणीची हवा हाय ती," पारूवैनी म्हणाल्या. "पाव्हणी झालीस गं बाई तू आता!"

आम्ही सगळ्या हसलो. आत आक्कालाही मी ते सांगितलं, ती हसेल म्हणून. ती हसली नाही. छताकडे बघत राहिली.

सोमवारी दुपारी दोन कोंबड्या गेल्या. आधी पाय थरथरायला लागले, मग मान वाकडी, मग खाली. उन्हाने असंच होतं, मी बघितलेलं होतं. उन्हाला तोड काय, तर पाणी. मी बोदांवर आणखी पाणी मारलं. मंगळवारी तीन गेल्या. मी तीनच्या जागी पाच वेळा पाणी मारलं, पन्हळ काठोकाठ भरली. तांबडी माझ्या देखत तिच्यातून प्याली आणि दहा पावलं जाऊन बसली. मी तिला उचलून तेच पाणी तिच्या चोचीत घातलं.

हे वाक्य लिहून मी जरा वेळ उठून गेले होते. ते खोडावंसं वाटलं, पण खोडणार नाही. माझ्या हाताने घातलं.

त्याच दुपारी वाटी वाजत होती. एरवी दोन-तीनदा वाजून थांबायची, त्या दिवशी थांबेना. मी डबा भरता भरता ओरडले, "आले गं, पाच मिनिटं!" खिडकीवर बोद होतं, तिला परड्यातलं काही दिसत नव्हतं, म्हणजे तिला पाणी हवं असणार. पाण्याची वेळ चारची होती आणि चारला पाच कमी होते. चारला मी आत गेले. चमचा खाली पडला होता. तिने खिडकीकडे बोट केलं. बोदाच्या वरच्या कोपऱ्यातून उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर येत होती. मी स्टुलावर चढून तो कोपरा ताणला, आणखी एक खिळा ठोकला. खोलीत अंधार झाला. तिला चार चमचे पाणी पाजलं. तिने माझं मनगट धरलं आणि ओठ हलवले, पण वाराही आला नाही. "बोलू नकोस, दमशील," मी म्हटलं. मला बाहेरची घाई होती.

बुधवारी सकाळी फौजदार पडला. मी पारूवैनींना हाक मारली. त्या आल्या, त्याला उलटापालटा करून बघितला, मग खुराड्याभोवती फिरल्या. पन्हळीपाशी बसल्या. दोन बोटं बुडवली, जिभेच्या टोकाला लावली आणि लांब थुंकल्या. वखारीत मालाचा कडवटपणा त्या अशाच बघायच्या.

"नंदे. हे तंबाकूचं पाणी हाय गं."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"बोदं न धुता टांगलीस व्हय? आगं, तीस वरसांचा जर्दा मुरलाय त्यात. चा केल्यागत उतरलाय की सगळा."

वास आम्हा दोघींनाही आला नव्हता. त्या अख्ख्या परड्यात ज्याला वास आला असं एकच माणूस होतं आणि त्याला आम्ही हसलो होतो.

बोदं ओरबाडून काढली, पन्हळ उलथली. उरलेल्या पाचांपैकी चार गुरुवार उजाडेपर्यंत गेल्या. बोडकी राहिली. शेवग्याखाली खड्डा घेतला. पारूवैनी टोपलीतून एकेक खाली ठेवत होत्या, फौजदाराला सगळ्यांत वर.

"आक्काला सांगणार हाईस?"

"नाही."

"कळंल तिला. वखारीतली बाई हाय ती."

"खिडकीला बोद आहे, वैनी. तिला दिसत नाही."

 माती लोटून झाल्यावर त्या हात धुवायलाही थांबल्या नाहीत.

खिडकीवरचं बोद तेवढं मी काढलं नाही. त्याच्यावर पाणी मारणं बंद केलं, आणि मनात म्हटलं, बरंच झालं ते तिथं आहे. संध्याकाळी खोलीत गेले. सांगायचा आकडा तयार होता, सोमवारपासून मी तोच सांगत होते.

"अकरा, आक्का."

तिने डोळे मिटले.

त्या दिवसापासून तेरा दिवस मी अकरा म्हटलं. त्यातल्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने खुणेने जवळ बोलावलं.

"कोंबडा आरवत न्हाय."

"ऊन आहे गं. उन्हाने गप्प बसलाय."

"व्हय," ती म्हणाली. "उनानं."

त्यानंतर तिने फौजदाराचं नाव काढलं नाही. कुणाचंच काढलं नाही. फक्त रोज दिवस मावळायला विचारायची, "बोडकीला आत घेतलीस?" बोडकी तिची लाडकी, म्हणून विचारते, असं मी धरून चालले. "घेतली," मी सांगायची. तेवढंच काय ते खरं असायचं. वाटी तिने पुन्हा वाजवली नाही. पेज रोज चार घास उरायची, मग आठ, मग सगळीच.

चौदाव्या दिवशी मी अकरा म्हणायला गेले तेव्हा ऐकायला ती नव्हती.

घर आवरायचं होतं. दहाव्याच्या आधी खोली धुवायची होती. वहीत मागच्या तेवीस पानांवर एक ओळ तशीच उतरत आली होती, तिच्यापासून सुरुवात करू म्हटलं. स्टुलावर चढून खिळे उपटले. बोद हातात आलं आणि खोलीत एकदम उजेड झाला. ते घडी घालायला पलंगावर पसरलं, तेव्हा खालच्या कोपऱ्यात, शिवणीजवळ, भोक दिसलं. उंदराने कुरतडलं असेल असं आधी वाटलं. पण कुरतडलेल्या कडा अशा नसतात. गोणपाटाचे उभे-आडवे धागे एकेक करून बाजूला सारले होते आणि बोटाने फिरवून फिरवून गुळगुळीत केले होते. चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढं भोक. उशीवर डोकं ठेवलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल असं.

ते तिने कधी पाडलं हे मला माहीत नाही. कोंबड्या गेल्यावर पाडलं असेल, आवाज का थांबले ते बघायला. मग तिने तेरा दिवस माझं अकरा ऐकून घेतलं, एवढंच होतं. किंवा बोद लावलं त्याच संध्याकाळी पाडलं असेल, कारण तिला दिसत नव्हतं आणि मी उद्या म्हणत होते. तसं असेल तर सोमवार तिने बघितला. मंगळवार बघितला. तांबूस पाणी बघितलं, आणि रंगावरून ते काय आहे हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. मग ती वाटी पाण्यासाठी वाजत नव्हती. माझं चुकलं की वाजायची तशीच वाजत होती.

मी दोन्ही शक्यता वहीत एकाखाली एक लिहून बघितल्या. हिशोब लागत नाही. सांगणारं कुणी नाही.

बोडकी मी पारूवैनींना देऊन टाकली. ती अजून आहे म्हणतात, नव्या तलंगांना चोच मारते. खुराडंही द्यायला माझी हरकत नाही. पत्रा घ्या, फळा घ्या, वासे घ्या, दोन्ही डिजिटल घ्या. पन्हळ तेवढी फेकून द्या. चांगली सावली आहे ती, वारा खेळतो, दार पूर्वेला आहे. हे सगळं फोनवर सांगायला दोन मिनिटं पुरतील. पण सांगितलं की त्या म्हणणार, "मग ये की येकदा, तूच दाखवून जा," आणि मला ती खोली उघडावी लागणार.

त्या दिवशी, भोक दिसल्यावर, उपटलेले खिळे पुन्हा ठोकून बोद लावलं आणि मी आक्काच्या जागी आडवी झाले होते. उशी तिची, कूस तिची. एक डोळा मिटून भोकाला लावला. आधी उजेडाने काही दिसलं नाही. मग खुराड्याचा कोपरा दिसला, त्याच्याखाली पन्हळ जिथं ठेवली होती तिथली मातीतली लांबट खूण दिसली, आणि तिच्यालगत, डबा भरायला मी जिथं वाकायची, ती जागा. बाकी परडं दिसत नव्हतं. तेवढंच दिसत होतं. मी तिथं उभी राहायची ती खुराड्याकडे तोंड करून, म्हणजे आक्काला सगळा वेळ माझी पाठ दिसत होती.